राजा गेला, रूपक राहिलं

कुणाचा कान तोडला तर सोळा रूपकं. डोकं फोडलं तर चार.

हा दर नाशिकजवळच्या अंजनेरी इथे मिळालेल्या ताम्रपटांतला आहे. त्यांतल्या लेखावर कलचुरी संवत् ४६१ हे वर्ष आहे, म्हणजे इ.स. ७१०च्या आसपासचा काळ. हरिश्चंद्र घराण्यातला भोगशक्ती हा राजा तेव्हा पुरी-कोंकण आणि नाशिकच्या बाजूचा मुलूख सांभाळत होता. वर बदामीच्या चालुक्यांची सत्ता होती आणि हा त्यांचा मांडलिक. समगिरीपट्टण नावाचं एक ओस पडलेलं गाव त्याने पुन्हा वसवलं. तिथे व्यापारी यावेत म्हणून त्यांना जकात माफ केली. निपुत्रिक वारलेल्या माणसाची मालमत्ता सरकारजमा होणार नाही असं वचन दिलं. राजाच्या माणसांना फुकट राहायला-जेवायला घालण्याच्या जाचातूनही सोडवलं. आणि गाव वसलं की भांडणंही वसणार, हे त्याला ठाऊक असावं. म्हणून दंडाचे दरही तिथेच कोरून ठेवले. स्त्रीवर हात टाकणाऱ्याला एकशे आठ रूपकं, कानाचे सोळा, डोक्याचे चार. निवाडा गावातल्या आठ किंवा सोळा वडीलधाऱ्यांनी करायचा.

डोक्यापेक्षा कान चौपट महाग का? कानातल्या दागिन्यासाठी कान ओढून तोडणारे लोक बाजारगावात फिरत असावेत, असा माझा आपला तर्क. ताम्रपट कारण देत नाही.

या प्रकरणाचा विषय मात्र दंड नाही. तो भरायचा ते नाणं हा विषय आहे. अंजनेरीच्या ताम्रपटांत या नाण्याचं नावच दिलं आहे: कृष्णराज-रूपक. रूपक म्हणजे चांदीचं नाणं, आणि कृष्णराज म्हणजे ज्याच्या नावाने ते पाडलं तो राजा. गंमत अशी की हा कृष्णराज भोगशक्तीचा धनी नव्हता, नातलग नव्हता, त्याच्या काळातलाही नव्हता. तो मरून सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती. त्याच्या नातवाच्या हयातीतच घराण्याची नाशिकवरची सत्ता संपली होती. मुलखात दोनदा-तीनदा राज्य पालटलं होतं. तरी बाजारात पैसे मोजताना लोक नाव घेत होते ते कृष्णराजाचंच.

हे नाणं दिसायला अगदी साधं आहे. करंगळीच्या नखाहून थोडं मोठं आणि वजनाला साधारण दोन ग्रॅम, म्हणजे आजच्या रुपयाहून हलकं. एका बाजूला उजवीकडे पाहणारा राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी. नंदीभोवती ब्राह्मी वळणाच्या अक्षरांत लेख: ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज’. महेश्वराचा परमभक्त, आईवडिलांच्या पायांचं ध्यान करणारा श्रीकृष्णराज. एवढा मजकूर एवढ्याशा चकतीवर बसवायचा म्हटल्यावर अक्षरं दाटीवाटीने बसतात आणि काठाची अर्धी कापली जातात. चकती आधी कापून मग ठशाखाली ठेवायची, आणि ती नेमकी मध्यावर बसेलच याची खात्री नसायची. त्यामुळे एका नाण्यावर ‘परममा’ मिळतं, दुसऱ्यावर ‘ष्णराज’. चार-पाच नाणी शेजारी मांडली की लेख पुरा होतो.

जमिनीतून निघतं तेव्हा मात्र यातलं काहीच दिसत नाही. चांदी मातीत काळवंडते. तिच्यात तांब्याची भेसळ असेल तर हिरवट पापुद्रा चढतो आणि चांदीचं नाणं तांब्याचं वाटतं. अशा वेळी हातातलं नाणं चिंचेने किंवा राखेने घासून लख्ख करायचा मोह होतो. देवाची भांडी घासायला हा उपाय उत्तम. नाण्यावरची अक्षरं मात्र त्या पापुद्र्याबरोबरच निघून जातात.

नाण्यावरचा चेहरा कृष्णराजाचा आहे का? नाही, असंच म्हणायला हवं. तो चेहरा उसना आहे, आणि उसनवारी बरीच जुनी आहे. इंडो-ग्रीक राजांनी ‘द्राख्म’ नावाचं चांदीचं नाणं वायव्येत आणलं. राजाचा मुखवटा एका बाजूला घालायची पद्धत त्यांची. गुजरात, माळवा आणि उत्तर महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या पश्चिमी क्षत्रपांनी तीच पद्धत आणि साधारण तेच वजन उचललं. मागच्या बाजूला तीन कमानींचा डोंगर घातला. कडेने ग्रीक अक्षरंही ठेवली. ती पुढे कुणालाच वाचता येईनात, तेव्हा त्यांच्या नुसत्या रेघोट्या उरल्या. क्षत्रपांचा पाडाव करणाऱ्या गुप्तांनी पश्चिमेसाठी चांदीची नाणी पाडली ती याच घाटाची, फक्त डोंगराच्या जागी गरुड वगैरे आपली चिन्हं घालून. मग दक्षिण गुजरात आणि उत्तर कोकणातले त्रैकूटक राजे दह्रसेन आणि व्याघ्रसेन आले. त्यांनी डोंगर परत आणला. आणि सहाव्या शतकाच्या मध्यावर कृष्णराजाने डोंगर काढून नंदी बसवला. सहाशे-सातशे वर्षांच्या या प्रवासात राजाचं नाक, मिशी आणि केस पिढ्यान्पिढ्या नकलेची नक्कल होत आले. चित्र बदललं तर लोक नाणं घेणार नाहीत, ही भीती सगळ्यांनाच असावी.

या घाटाच्या नाण्यांपैकी क्षत्रपांचं नाणं पुरातत्त्वज्ञाला सगळ्यांत लाडकं. कारण क्षत्रपांनी बऱ्याच नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शक वर्ष घातलं. राजाचं नाव, बापाचं नाव आणि वर्ष, सगळं एका चकतीवर. कृष्णराजाने वर्ष घातलं नाही, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

कृष्णराज म्हणजे कोण? आपल्या इतिहासात कृष्ण नावाचे राजे बरेच. एकोणिसाव्या शतकात ही नाणी नाशिक भागात मिळू लागली तेव्हा अभ्यासकांना पटकन आठवला तो राष्ट्रकूट कृष्ण, वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर आहे तो. मुलूख जुळत होता, नाव जुळत होतं, शिवभक्तीही जुळत होती. राष्ट्रकूट कृष्ण पहिला गादीवर आला तो इ.स. ७५६च्या सुमारास. आणि अंजनेरीचा लेख आहे ७१०चा. जो राजा अजून गादीवर आलेला नाही, त्याच्या नावाचं नाणं चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी बाजारात कसं चालेल? ताम्रपटातल्या एका जोडशब्दाने राष्ट्रकूटांचा दावा निकालात निघाला.

हे लेख संपादून कलचुरींचा सगळा इतिहास एकत्र मांडण्याचं काम महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचं. मूळचे देवगड तालुक्यातले, कर्मभूमी नागपूर. कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५५ साली निघाला. त्यांची मांडणी अशी: नाण्यावरचा कृष्णराज हा माहिष्मतीच्या कलचुरी घराण्याचा पहिला ज्ञात राजा, साधारण इ.स. ५५० ते ५७५. त्याचा मुलगा शंकरगण. त्याचा कळवण तालुक्यातल्या अभोणा इथे मिळालेला ताम्रपट इ.स. ५९७चा आहे आणि तो उज्जैनच्या छावणीतून दिलेला आहे. नातू बुद्धराज. त्याचा चांदवड तालुक्यातल्या वडनेरचा ताम्रपट ६०९चा आणि विदिशेहून दिलेला. उज्जैन-विदिशेला बसून नाशिककडची जमीन दान करणारे हे राजे. त्यांच्या ताम्रपटांत कृष्णराजाचं वर्णन जन्मापासून पशुपतीचा आश्रय घेतलेला असं येतं. नाण्यावरचा ‘परममाहेश्वर’ आणि नंदी इथे येऊन बसतात. नाणी मिळाली तो पट्टाही राजस्थानपासून माळवा, विदर्भ, नाशिक, सातारा आणि मुंबई-साष्टीपर्यंत पसरलेला आहे, आणि तो या घराण्याला साजेसा आहे.

आता उत्खनन करणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहू. चर खणताना एका थरात असं एक रूपक मिळालं. वर विटांची भिंत, खाली राख, मध्ये नाणं. नाणं कृष्णराजाचं, म्हणजे थर सहाव्या शतकातला, असं लिहून टाकायला हात शिवशिवतो. पण नाण्याची साक्ष एका बाजूनेच पक्की असते. ५५०च्या आधी हा थर बसलेला असू शकत नाही, एवढं ते छातीठोकपणे सांगतं. तो ५६०मध्ये बसला की ७१०मध्ये, यावर ते गप्प. नाणं पाडलं कधी हे नाण्यावरून कळतं. हरवलं कधी हे कळत नाही. क्षत्रपांसारखं वर्ष कोरलेलं असतं तरी ही अडचण तशीच राहिली असती, फक्त फसगत अधिक आत्मविश्वासाने झाली असती.

मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७मध्ये कर्नाटकात चंद्रवल्लीला खणलं, तेव्हा तिथे रोमन सम्राट टायबेरियसचं चांदीचं देनारियस मिळालं. पहिल्या शतकाचा एक खुंटा हाती लागला. पण व्हीलर कसलेले गडी होते. एका नाण्यावर भिस्त न ठेवता त्याच्या संगतीला कोणती खापरं आहेत, कोणती सातवाहन नाणी आहेत, हे त्यांनी पाहिलं. नाण्याची पारख माणसासारखीच संगतीवरून करावी लागते. दुसरी गोष्ट झीज. टाकसाळीतून निघून लगेच हरवलेल्या नाण्यावर नंदीचं वशिंड टोकदार असतं. शंभर वर्षं हातोहात फिरलेल्या नाण्यावर नंदी गुळगुळीत दगडासारखा दिसतो. झिजलेलं कृष्णराज-रूपक थरात मिळालं तर मी तरी त्या थराला सातव्या शतकाच्या अलीकडे ढकलायला कचरणार नाही.

खरी खंत वेगळीच आहे. ही चांदीची नाणी बहुतेक मिळाली ती शिस्तीत खणलेल्या थरांतून नव्हे, तर गाडग्यातल्या ठेव्यांतून: नांगराला अडकलेल्या, पाया खणताना फुटलेल्या. ठेव्यातली नाणी आपसांत खूप बोलतात, पण जमिनीशी त्यांचा संबंध तुटलेला असतो. कितीतरी ठेवे सोनाराच्या मुशीत गेले असणार, त्याची गणती कुणाकडेच नाही. १८७८चा गुप्तधनाचा कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा मिळाला तर कलेक्टरला कळवायचं. त्या काळच्या दहा रुपयांत बरंच काही यायचं. आज त्या रकमेत कृष्णराजाच्या एका नाण्यातली चांदीसुद्धा येत नाही.

घारापुरीची गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण नाण्याच्या साक्षीवर एवढा मोठा दावा क्वचितच उभा राहिला आहे. मुंबईजवळच्या या बेटावर कृष्णराजाची तांब्याची लहान नाणी बरीच मिळाली आहेत. तिथलं त्रिमूर्तीचं महालेणं कुणी खोदवलं, यावर पूर्वी कोकणचे मौर्य, राष्ट्रकूट अशी कितीतरी नावं पुढे आली होती, कारण लेण्यात खोदवणाऱ्याचा शिलालेख उरलेला नाही. अमेरिकन कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी कलचुरींच्या बाजूने जोर लावला. त्यांच्या पुराव्यात घडणीची शैली होती, राजाची पाशुपत भक्ती होती, आणि ही नाणी होती. आत्ताच मी म्हटलं की नाणं हरवल्याचा काळ सांगत नाही, मग इथे ते कसं चालतं? फरक धातूचा आहे. चांदीचं नाणं दूर जातं, लोक ते जपतात, पिढ्यान्पिढ्या साठवतात. तांब्याची चिल्लर गावातल्या गावात फिरते, तिच्यासाठी कुणी गाडगं पुरत नाही, आणि राज्य पालटलं की तिला लवकर कुणी विचारत नाही. कृष्णराजाच्या नावाची चिल्लर बेटावर ढिगाने पडली असेल, तर तिथे त्याच काळात माणसांची मोठी वर्दळ होती, खरेदी-विक्री होती, कदाचित मजुरी वाटली जात होती. लेणं त्याच्याच पैशाने खोदलं हे यातून सिद्ध होत नाही. पण मौर्य आणि राष्ट्रकूट यांच्यापेक्षा कलचुरींचं पारडं जड होतं, हे मला पटतं.

आता मूळ प्रश्नाकडे. मेलेल्या राजाचं नाणं चालतं तरी कसं?

आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण आपली नोट सरकारच्या वचनावर चालते. चांदीचं नाणं वजनावर आणि ओळखीवर चालायचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या मार्गदर्शिकेत नोंद आहे की भडोचच्या बाजारात मिनँडर आणि अपोलोडोटस यांचे जुने द्राख्म अजून चालतात. मिनँडर तेव्हा मरून जवळजवळ दोनशे वर्षं झाली होती. याच्या उलट टोकाचं उदाहरण नाशिक जिल्ह्यातलंच आहे. जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या तोंडावरच आपली छाप ठोकलेली आहे. शत्रू हरला हे घरोघरी पोचवायचा याहून स्वस्त मार्ग नव्हता. पण गौतमीपुत्रासारखी हौस आणि यंत्रणा प्रत्येकाकडे नसते. भोगशक्तीसारखा मांडलिक टाकसाळ कशाला घालेल? बदामीच्या चालुक्यांचीही चांदीची नाणी फारशी दिसत नाहीत. मग बाजाराने काय करावं? जे नाणं खणखणीत होतं, ज्याचं वजन सोनार डोळे मिटून सांगायचा, तेच चालू ठेवलं. मधल्या काळात कुणी कृष्णराजाच्याच नावाने नवी नाणी पाडत राहिलं असेल, हेही अशक्य नाही.

ही आपल्याकडची शेवटची वेळ नव्हती. शाह आलम दुसरा १८०६मध्ये वारला. ईस्ट इंडिया कंपनी १८३५पर्यंत त्याच्या नावाचे रुपये पाडत होती, तेही त्याच्या राज्यारोहणाचं एकोणिसावं वर्ष गोठवून. पेशवाईतल्या पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाचं चिन्ह मराठ्यांचं, पण फारसी मजकूर मोगली थाटाचा. युरोपात ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा १७८० साली वारली, आणि तिचा १७८० साल घातलेला थेलर त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं अरबस्तान आणि इथिओपियाच्या बाजारांसाठी पाडला जात राहिला. तिच्या चेहऱ्याखेरीज दुसरा थेलर तिथले व्यापारी घ्यायलाच तयार नव्हते.

कृष्णराज-रूपकानंतर मात्र दख्खनच्या नाण्यांत एक मोठी शांतता पसरते. कैलास लेणं कोरणाऱ्या, कनौजपर्यंत फौजा नेणाऱ्या राष्ट्रकूटांची खात्रीशीर नाणी जवळजवळ मिळतच नाहीत. रामशरण शर्मा यांनी १९६५च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या नाण्यांच्या दुष्काळावरून व्यापार आटल्याचा आणि सरंजामशाही आल्याचा निष्कर्ष काढला. १९९०मध्ये जॉन डेयेल यांनी उत्तर भारतापुरतं नाणी मोजून दाखवलं की चित्र इतकं भकास नव्हतं. दख्खनबद्दल मला अंजनेरीचा ताम्रपट सावध करतो. नवी नाणी पाडली जात नाहीत म्हणजे बाजार बंद आहे असं नाही. तो जुन्या नाण्यांवर चालू असू शकतो. समगिरीच्या व्यापाऱ्यांना जकात माफ करावीशी वाटली, म्हणजे जकात घेण्याजोगा माल रस्त्यावर होता.

पुढे दहाव्या-अकराव्या शतकात कोकणच्या शिलाहारांच्या काळात नाण्यांचं चित्र पुन्हा दिसू लागतं. ही गधैया जातीची जाड, बटबटीत नाणी. त्यांचं मूळ इराणच्या सासानी नाण्यांत, आणि वर्षानुवर्षांच्या नकलेत त्यांवरचा राजा आणि अग्निवेदी नुसत्या रेघा आणि ठिपके होऊन गेलेले. छित्तराजाने त्यांवर आपलं नावही घातलं. या नाण्यांना लेखांत ‘द्रम्म’ म्हणतात. द्राख्मचा द्रम्म झाला, द्रम्माचा दाम, आणि दामाची दमडी. ग्रीकांची चांदी मराठीत येईपर्यंत कवडीमोल झाली. रूपकाचं नशीब चांगलं. त्याच्या घरातला शब्द रुपया होऊन अजून आपल्या खिशात आहे.

अंजनेरीला आज नाण्यांचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या नाणकशास्त्रज्ञाने तिच्या उभारणीत पुढाकार घेतला. संस्थेत तराजू आहेत, भिंगं आहेत. भोगशक्तीच्या गावातल्या वडीलधाऱ्यांनी कुणाचं डोकं फोडल्याबद्दल घेतलेली चार रूपकं त्या तराजूत घातली, तर काटा आठ ग्रॅमच्या आसपास थांबेल. फार झिजलेली असतील तर जरा अलीकडे.